जमीन आली

खेळ सुरू झाला की आधी नुसतं आकाश असायचं. काळ्या पडद्यावर उजवीकडून डावीकडे वाहणाऱ्या चांदण्या, त्यांत आमचं एकुलतं पांढरं विमान, आणि मागे एक छोटीशी धून, घरातलं कुणीतरी वेशीपर्यंत सोडायला आल्यासारखी. शत्रू यायचे, पण पाखरांच्या थव्यासारखे ओळीने यायचे आणि ओळीनेच वळायचे. आपटायला डोंगर नसायचा, अडकायला बोगदा नसायचा. तेवढा वेळ विमान हवं तसं फिरवून घ्यायचं. रिमोट ज्याच्या हातात नसेल त्याला या वेळात एक काम ठरवून दिलेलं होतं. पडद्याच्या उजव्या कडेवर नजर रोवून बसायचं आणि दगडमातीची पहिली कड दिसली रे दिसली की ओरडायचं, "जमीन आली!" त्या ओरडण्याबरोबर धून बदलायची, खेळणाऱ्याची पाठ ताठ व्हायची, आणि खेळ खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा. आमच्या घरात हे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे, कारण मी धाकटी होते आणि दादा जास्त वेळ टिकायचा.

आमचं गाव विटा. सांगली जिल्ह्याच्या या भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. घरटी एखादा तरी कुठल्या लांबच्या शहरात, कुठल्या अरुंद गल्लीत भट्टीपुढे बसलेला. माझे धाकटे काका तेव्हा कोलकात्याला होते. १९९६ च्या मे महिन्यात ते गावी आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेला एक व्हिडिओ गेम होता: पांढरट प्लॅस्टिकचं यंत्र, वायरीने जोडलेले दोन रिमोट, तापणारा अडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचं छापलं होतं. मोजायला बसलं तर वेगवेगळे असे काही डझनच निघाले, बाकी तेच तेच पुन्हा. त्या यादीत खाली कुठेतरी ग्रॅडियस होता. दादाने नाव मोठ्याने वाचलं, पण घरात त्याला सगळे 'चांदण्यांचा' म्हणायचे. "चांदण्यांचा लाव की," असं आजीसुद्धा म्हणायची.

ते यंत्र म्हणजे जपानमध्ये निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आणि ग्रॅडियस हा कोनामीचा खेळ. तो आधी, १९८५ मध्ये, नाणं टाकून खेळायच्या उभ्या यंत्रांवर आला आणि २५ एप्रिल १९८६ ला फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये शिरला. म्हणजे आमच्या घरी पोचेपर्यंत तो दहा वर्षांचा झाला होता, जवळजवळ माझ्याच वयाचा.

टीव्ही चौदा इंची, कृष्णधवल. हे सांगायलाच हवं, कारण ग्रॅडियसमध्ये रंगाला काम आहे. काही शत्रू लाल असतात. ते पाडले की मागे कॅप्सूल राहते. लाल कॅप्सूल आपल्याला बळ देते, निळी मिळाली तर पडद्यावरचे शत्रू एका फटक्यात नाहीसे होतात. आम्हाला यातलं काहीच दिसत नव्हतं. आमच्याकडे लालही करडा आणि निळाही करडा. म्हणून आम्ही जागा पाठ केल्या होत्या. डोंगराच्या दुसऱ्या उतारावर जो चालत येतो त्याच्याकडे कॅप्सूल आहे, खालच्या तोफांपैकी तिसरीकडे आहे, असं. पुढे दोन-तीन वर्षांनी घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा दादाने पहिल्यांदा हाच खेळ लावला. ते सगळे आमच्या ओळखीचे शत्रू, ज्यांच्या जागा आम्ही तोंडपाठ केल्या होत्या, तेवढेच लाल होऊन पुढे आले. दादा खेळायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. आम्ही एकालाही चुकलो नव्हतो.

पडद्याच्या तळाशी सहा घरांची एक पट्टी असते. स्पीड अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन, आणि शेवटच्या घरात नुसतं प्रश्नचिन्ह. कॅप्सूल उचलली की पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो. बस, एवढंच. विमानाच्या पदरात अजून काहीच पडलेलं नसतं. ज्या घरावर उजेड आहे ते हवं असेल तर बटण दाबायचं. दाबलं की ते मिळतं आणि उजेड विझून मोजणी पुन्हा पहिल्या घरापासून. नको असेल तर पुढच्या कॅप्सूलची वाट बघायची. वाट बघताना विमान तेवढंच दुबळं, तेवढंच संथ. आणि सगळी घरं ओलांडून गेलात तर उजेड परत पहिल्या घरावर.

मला वाटतं, या पट्टीएवढी सुंदर कल्पना त्या काळच्या कुठल्याच गोळीबाराच्या खेळात नव्हती. बाकी ठिकाणी वाटेत सापडलेलं आपसूक अंगाला चिकटायचं. इथे ठरवावं लागायचं, तेही गोळ्या चुकवता चुकवता. पहिली कॅप्सूल मिळाली की स्पीड अप घ्यायचाच, त्यात वाद नाही; मूळचं विमान फार सावकाश चालतं. दुसराही घ्यावा. तिसरा घेतला की घात. मग बोट जरा लागलं तरी विमान थेट डोंगरात. डबल आणि लेझर एकत्र नांदत नाहीत, एक आलं की दुसरं जातं. आणि सगळ्यांची नजर असते पाचव्या घरावर, ऑप्शनवर. त्यासाठी सलग पाच कॅप्सूल न वापरता साठवाव्या लागतात. आई तेव्हा नव्या पाटल्यांसाठी म्हणून तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायची. दर वर्षी जूनमध्ये वह्यापुस्तकांच्या वेळी तो डबा रिकामा व्हायचा. दादा चौथ्या घरावर उजेड घेऊन पाचव्या कॅप्सूलची वाट बघत असताना समोरून शत्रूंची दाटी आली, की आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "घे रे आता जे आहे ते. हातचं सोडू नकोस." तिला खेळातलं काही कळत नव्हतं आणि तिचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असायचा.

ऑप्शन म्हणजे केशरी उजेडाचा एक लांबट थेंब. आम्ही त्याला दिवा म्हणायचो. तो विमानाच्या मागून येतो आणि विमान जे झाडतं तेच तोही झाडतो: गोळी तर गोळी, लेझर तर लेझर. त्याला कुणी मारू शकत नाही. नाण्याच्या मूळ यंत्रात असे चार दिवे मिळायचे, घरच्या कॅसेटमध्ये दोनच.

मे महिन्यात दुपारी आजी माजघरात पेरणीच्या बियाण्यासाठी शेंगा फोडत बसायची. समोर टीव्ही, शेजारी सूप, मांडीवर शेंगा. हात न बघता चालायचे आणि डोळे पडद्यावर. एका दुपारी माझा चान्स होता आणि कधी नव्हे ते मला दोन्ही दिवे मिळाले होते. आजी बराच वेळ गप्प राहून बघत होती. मग म्हणाली, "तू थांबलीस की तीबी थांबत्यात गं."

मी म्हटलं, "हो, ते आपलेच आहेत."

"आपलं असतं तर जवळ आलं असतं. शेरडाची पिल्लं बघ, आई थांबली की पळत येऊन लुचत्यात. हे येत न्हाईत. हितंच हुबं ऱ्हात्यात." आणि मग थोड्या वेळाने, एक शेंग फोडून दाणे सुपात टाकत, "तू जिथनं गेलीस ना, तिथनंच जात्यात. तुझ्या वाटंनं."

मी आणि दादा इतके दिवस तो खेळ खेळत होतो आणि हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, दिवे विमानाला दोरीने बांधले आहेत. दादाने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि विमान सावकाश वर नेलं, मग पुढे, मग खाली. दिवे आधी वर गेले, मग पुढे, मग खाली. त्याने एक गिरकी घेतली. क्षणभराने पहिल्या दिव्याने तीच गिरकी घेतली आणि मग दुसऱ्याने. विमान थांबवलं. दिवे गिरकीच्या मध्येच, जिथल्या तिथे थांबले.

आता त्यामागची रीत मला माहीत आहे. विमान हललं की त्याची जागा यंत्राच्या स्मृतीत नोंदली जाते, एकामागून एक, रांगेने. पहिला दिवा त्या रांगेतली काही पावलं जुनी नोंद वाचून तिथे उभा राहतो. दुसरा त्याहून जुनी. विमान हललं नाही तर नवी नोंद होत नाही, रांग पुढे सरकत नाही, दिवेही सरकत नाहीत. म्हणजे दिव्याला स्वतःचं काही नाही. तो म्हणजे थोड्या वेळापूर्वीचे आपण. मागून येणारी सोबत आपल्याच गेलेल्या वाटेची बनलेली. आणि हे सगळं फॅमिकॉमच्या दोन किलोबाइट कामचलाऊ स्मृतीत, म्हणजे २,०४८ बाइटमध्ये. आजच्या संगणकात देवनागरीतली एकेक खूण बहुधा तीन बाइट घेते. या लेखाचा पहिला परिच्छेद तिथे जेमतेम मावला असता. तेवढ्या जागेत शत्रू, गोळ्या, गुण, उरलेले जीव आणि आपण कुठून कुठे गेलो त्याची आठवण.

त्या दुपारनंतर आमचं खेळणं बदललं. दिवे मागून येतात एवढ्यावर न थांबता आम्ही ते ठेवायला शिकलो. विमान वरून खाली आणून थांबवायचं, की दिवे वर उभे राहतात आणि तीन लेझर एकाखाली एक सुटतात. दिव्यांना दगडाची बाधा नाही. त्यांची वाट पडद्यावरची असते आणि डोंगर तर सरकत येतो, म्हणून ते खुशाल डोंगराच्या पोटातून जातात. पुढे जाऊन, मग मागे येऊन थांबलं की दिवा शत्रूच्या तोंडाशी आणि आपण लांब, सुखरूप. दादा हे फार सुरेख करायचा. विमान चालवताना तो पुढे बघायचाच, पण मागे काय मांडून ठेवतो आहोत याकडेही त्याचं लक्ष असायचं.

पहिल्या स्टेजच्या शेवटी दोन ज्वालामुखी फुटतात. पडदा थांबतो, धून बदलते आणि डोंगरांच्या तोंडांतून दगडांचा पाऊस वर उसळून खाली येतो. इतके दगड की यंत्राला दम लागतो. दगड लुकलुकायला लागतात, असून नसल्यासारखे होतात. आम्हाला वाटायचं, ते तापून लकाकत आहेत. खरं कारण मला कळलं तेव्हा मी त्या यंत्राच्या जास्तच प्रेमात पडले. फॅमिकॉमला पडद्यावर एका वेळी हलती अशी ६४ छोटी चित्रं काढता येतात, आणि एका आडव्या रेषेत फक्त आठ. नववं त्या रेषेवर उमटतच नाही. क्रम कायम ठेवला तर नववा बिचारा कायमचा अदृश्य राहील, आणि अदृश्य दगडावर आपटून मरणं हा अन्याय होईल. म्हणून त्या काळचे प्रोग्रामर क्रम सतत फिरवत ठेवायचे. या क्षणी हे आठ, पुढच्या क्षणी दुसरे आठ. कुणीच कायमचं नाहीसं होऊ नये म्हणून सगळ्यांनी आळीपाळीने थोडं थोडं नाहीसं व्हायचं. आमच्या घरात दोन रिमोट असूनही ग्रॅडियस दोघांना एकदम खेळता येत नाही. एकाचा जीव गेला की दुसऱ्याचा चान्स. तिथेही पाळी, इथेही पाळी.

ज्वालामुखी पार झाले की बिग कोअर येतं. एक भलंमोठं जहाज, चार समांतर लेझर सोडणारं, आणि मधोमध भिंतींआड लपवलेलं निळं हृदय. भिंती एकेक करून फोडायच्या. पुढे एका स्टेजला मोआई भेटतात, ईस्टर बेटावरच्या त्या प्रचंड दगडी चेहऱ्यांसारखे चेहरे, काही उभे, काही उलटे टांगलेले. ते तोंड उघडून कडी फेकतात, आणि तोंड उघडं असतं तेव्हाच त्यांना मारता येतं. आजीला ते मोआई मुळीच आवडायचे नाहीत. ते आले की ती सूप उचलून परसात जायची.

शेवटच्या किल्ल्यापर्यंत आम्ही त्या उन्हाळ्यात एकदाच पोचलो. म्हणजे दादा पोचला, मी बघत होते. एवढ्या सगळ्या दुष्टपणाच्या मुळाशी काय असेल याची आम्ही किती कल्पना केली होती. तिथे एक मेंदू निघाला. नळ्यांनी जखडलेला, नुसता लटकलेला. तो गोळी मारत नाही, हलत नाही, काहीच करत नाही. दादा समोर जाऊन थांबला आणि काही क्षण त्याने गोळीच झाडली नाही. मग झाडली. त्यानंतर खेळ संपला नाही. पुन्हा पहिल्या आकाशापासून सुरू झाला, जास्त अवघड होऊन.

या खेळातलं मरण मात्र कठोर आहे. एक गोळी लागली की विमान जातं, आणि नवं मिळतं ते थोडं मागच्या ठिकाणाहून, अगदी उघडंवाघडं. लेझर नाही, दिवे नाहीत, वेग नाही. ज्या दाटीत पूर्ण सज्ज विमान टिकलं नाही त्याच दाटीत आता हे रांगणारं विमान घेऊन जायचं. म्हणून एकदा मेलेला बहुधा लागोपाठ तिन्ही जीव घालवून बसतो. हा नियम मला तेव्हा निर्दय वाटायचा, आजही वाटतो, पण तो नसता तर दिव्यांची एवढी माया लागली नसती. दादा कधी कधी मोआईंच्या मधोमध त्या उघड्या विमानानिशी पुन्हा एक कॅप्सूल, मग दुसरी, असं करत उभा राहायचा. त्याचे गुण तेव्हा कमीच भरायचे, पण मला तेच खेळणं बघायला आवडायचं.

आणि लाईट. लाईट जायची तेव्हा पडद्यावर एक पांढरा ठिपका उरायचा आणि तोही आत ओढला जायचा. सगळे गुण, सगळे दिवे गेले. आमच्या यंत्राला काही आठवत नसे, म्हणून दादा कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या कोपऱ्यात आकडे लिहून ठेवायचा. याउलट नाण्याच्या ज्या मूळ यंत्रावर ग्रॅडियस जन्मला, त्याची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कोनामीने त्यासाठी चुंबकीय बुडबुड्यांची स्मृती वापरली होती. एका पातळ थरात चुंबकत्वाचे सूक्ष्म बुडबुडे, आणि तेच बुडबुडे म्हणजे माहिती. वीज गेली तरी ते जागचे हलत नाहीत, विसरत नाहीत. फक्त त्यांना ऊब लागते. थंडगार यंत्र सकाळी चालू केलं की खेळ लगेच सुरू होत नसे. आधी आतला भाग तापायचा, पडद्यावर उलटी मोजणी चालायची, आणि तोवर एक कोवळी, सकाळची म्हणून ओळखली जाणारी धून वाजत राहायची. आमच्याकडे पहाटे आजी परसात बंब पेटवायची, आणि पाणी तापेपर्यंत बंबाशेजारी बसून काहीबाही गुणगुणायची. जपानमधल्या कुठल्या तरी खेळघरात शटर वर करून, यंत्र तापायची वाट बघत उभा असलेला माणूस मला आजीच्या शेजारी बसवावासा वाटतो.

या खेळामागच्या मंडळींत हिरोयासु माचिगुची हे प्रमुख होते. कोनामीचाच १९८१ चा स्क्रॅम्बल नावाचा डोंगरदऱ्यांतून उडायचा खेळ होता, त्याचा पुढचा भाग करायला निघाले आणि त्यातून हे झालं. मूळ संगीत मिकी हिगाशिनो या मुलीचं. ती तेव्हा शिकतच होती, विशीसुद्धा उलटली नव्हती. वेशीपर्यंत सोडायला येणारी ती धून आणि जमीन आल्यावर उसळणारी दुसरी, या दोन्हींमध्ये जी उत्सुकता आहे ती त्या वयाची आहे असं मला नेहमी वाटतं. पुढे तिने बरंच संगीत केलं. पण विट्यातल्या एका माजघरात अख्खा मे महिना तिचेच सूर वाजत होते, आणि आजीच्या तोंडी त्यातले चार सूर शेंगा फोडता फोडता बसले होते.

मात्र आम्ही ऐकले ते सूर मूळ चालीचे नव्हते. हे मला कळलं तेव्हा मी रात्रभर त्याच विचारात होते. जपानचे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र रेखाटायचे, आणि खेळाचा सगळा हिशेब त्या साठवर बांधलेला. आपल्याकडचे टीव्ही पन्नासचे. त्यामुळे आमच्या नकली यंत्रात तोच खेळ सहा पावलांच्या वेळात पाचच पावलं चालायचा. चांदण्या हळू, गोळ्या हळू, संगीतही हळू. जी धून जपानी मुलांनी पन्नास सेकंदांत ऐकली ती आम्ही पूर्ण एक मिनिट ऐकली. आमच्याकडचं आकाशच सावकाश सरकत होतं. मूळ ग्रॅडियस मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपल्या घरातली आठवण घाईघाईने उरकून टाकतं आहे. कितीतरी वेळ मी खरी चाल कोणती हे मानायलाच तयार नव्हते.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी दादाने गल्लीतल्या एका मोठ्या मुलाकडून एक मंत्र आणला. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तो मुलगा काँट्रा खेळायचा. तिथे याने तीस जीव मिळायचे. दादाने ग्रॅडियस थांबवून तोच करून बघितला. पॉज काढला आणि विमानामागे एकदम दोन दिवे, पोटाखाली मिसाइल, पुढे ढाल. आम्ही काही बोललोच नाही. मग दादा म्हणाला, "हे कुणालाही सांगायचं नाही." आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

तो मंत्र ज्यांनी रचला त्यांचं नाव काझुहिसा हाशिमोतो. नाण्याच्या यंत्रावरून ग्रॅडियस फॅमिकॉमवर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. आणलेला खेळ तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि त्यांना तो तितका जमत नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली, बोटांना सहज आठवेल अशी. ती काढायची राहून गेली. पुढे कोनामीने ती मुद्दाम आपल्या इतर खेळांत ठेवली आणि ती जगभरच्या मुलांच्या अंगठ्यांत जाऊन बसली. दिवे मिळवणं ज्याला अवघड गेलं अशा एका माणसाने आपल्यासाठी लावलेले दोन दिवे, आणि ते आम्हाला मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये हाशिमोतो गेले, ६१ व्या वर्षी. दादा तेव्हापर्यंत बारा वर्षं कोइमतूरला होता, काकांच्याच धंद्यात, स्वतःची भट्टी घेऊन. बातमी आली त्या दिवशी दुपारी त्याचा मला मेसेज आला. त्यात शब्द नव्हता. दोन बाण वर, दोन खाली, डावा, उजवा, डावा, उजवा. मी त्याला उरलेली दोन अक्षरं पाठवली.

गेल्या दिवाळीत तो गावी आला. माझ्याकडे निन्टेन्डोने २०१६ मध्ये काढलेली त्या जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती आहे, तळहातावर मावेल एवढी, तीस जुने खेळ आत भरलेली. त्यात ग्रॅडियस आहे. ती भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडली आणि आम्ही दोघं माजघरात खाली बसलो, सोफा मागे असून. दादा पहिल्याच स्टेजमध्ये गेला. मग मीही. मग पुन्हा तो. इथे खेळ साठच्या चालीने धावत होता आणि आमचे हात पन्नासच्या चालीने शिकलेले. गोळी यायच्या आत अंगठा वळत नव्हता, कॅप्सूल उचलायला जावं तर ती पुढे निघून गेलेली. दादाचा अंगठा भट्टीने जाड झाला आहे. त्याने तो दोनदा पँटला पुसला आणि म्हणाला, "एवढं पळायला काय झालंय याला?"

आजी ज्या कोपऱ्यात बसायची तिथे आता वॉशिंग मशीन आहे. ती जाऊन सोळा वर्षं झाली.

नवा डाव सुरू केला. दादाने माझ्या हातातला रिमोट क्षणभर घेतला, खेळ थांबवला, न बघता वर वर, खाली खाली केलं आणि परत दिला. विमानामागे दोन दिवे लागले. बाहेर कुठेतरी फटाक्यांची माळ वाजून संपली. मी कुणाला मारायला गेले नाही. आकाश मोकळं होतं. मी विमान वर नेलं, पुढे, मग खाली, एक मोठी गिरकी पूर्ण होण्याआधीच थांबवलं. एक दिवा वर, एक जरा मागे, दोन्ही जिथल्या तिथे. चांदण्या मात्र त्यांच्या मधून वाहत होत्या. मी पुन्हा निघाले, तेही निघाले, मी जिथून गेले होते तिथूनच.

दादा भिंतीला टेकून बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, विमानाकडेही नाही. पडद्याच्या उजव्या कडेवर त्याची नजर रोवलेली होती.

"जमीन आली," तो म्हणाला.